पंधराव्या किलोमीटरनंतर तुला काय होतं?

३ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. फाडून टाकायचं तर टाक, पण त्याआधी एवढा एक प्रश्न वाच. गेल्या जानेवारीत हाफ मॅरेथॉन पळताना पंधराव्या किलोमीटरनंतर तुला काय झालं?

हिला हे कुठून कळलं, असं तुझ्या मनात येईल. सांगते. आमच्या लॅबला कवळ्यांचं काम देणाऱ्या एक दातांच्या डॉक्टरबाई आहेत. त्यांना पळायचं वेड आहे. परवा एका आजोबांच्या हिरड्यांचा ठसा द्यायला त्या स्वतः आल्या आणि माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर शर्यतीचा निकाल उघडून बसल्या. माझे दोन्ही हात ओल्या प्लास्टरमध्ये, त्यामुळे निसटायची सोय नव्हती. "ही बघा मी," म्हणून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, आणि त्या बोटाखाली अकराव्या ओळीत तुझं नाव. मधे अप्पांचं नाव, शेवटी आपलं आडनाव, वयोगट पन्नास ते चोपन्न. वेळ दोन तास तेरा मिनिटं वीस सेकंद.

प्लास्टर वाटीतच घट्ट झालं. ते पुन्हा कालवावं लागलं, आणि डॉक्टरबाईंना वाटलं त्यांचा वेग बघूनच मी थक्क झाले.

घरी येऊन मी मागची वर्षं उघडली. चार वर्षं तू हीच शर्यत पळतोयस. दोन चोवीस, दोन एकोणीस, दोन सतरा, दोन तेरा. म्हणजे तू धडधाकट आहेस, तुझे गुडघे शाबूत आहेत. सहा वर्षांत तुझी मला मिळालेली ही पहिली बातमी, म्हणून मी ती उलटसुलट करून पाहिली. दर पाच किलोमीटरची वेळ वेगळी दिलेली आहे. पहिले पाच तीस मिनिटांत, दुसरे पाच तीस, तिसरेही तीस. आणि पंधरा ते वीस या टप्प्याला छत्तीस! मला वाटलं, एखाद्या वर्षी बिनसलं असेल. पण चारही वर्षं तेच. बरोबर तिथेच तू सहा-सात मिनिटं कुठेतरी टाकून येतोस. तिथे तुला कोणी भेटतं का? पाय धरतो? की काही आठवतं?

माझं कामच असं आहे बघ. माणूस समोर येत नाही, त्याचा जबडा येतो. मी हिरडीवरून सांगते की हा एकाच बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते. पण तुझ्या छत्तीस मिनिटांवरून मला काहीच सांगता येईना, आणि तीन दिवस डोक्यात तोच किडा वळवळतोय. शाळेच्या शर्यतीत शिट्टी वाजायच्या आधीच पायात गोळा आल्याचं सोंग करून खाली बसलेला मुलगा तू. तो त्रेपन्नाव्या वर्षी एकवीस किलोमीटर पळतो, हे कसं झालं?

मेसेज करणार होते. पण मेसेज वाचून तू गप्प बसलास की ते लगेच दिसतं. पत्राचं बरं असतं, पोचलंच नसेल असं म्हणता येतं. आणि फोनचं म्हणशील, तर त्या वेळी हॉस्पिटलातून तुझा फोन लागत नव्हता हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच सांगते. तो विषय काढायला हे पत्र नाही.

पत्ता जुनाच असेल असं धरून चालले आहे.

तुझी
चौकशी खिडकी
(हे नाव तूच ठेवलं होतंस. सहा वर्षांत कोणी हाक मारली नाही त्या नावाने.)


२७ जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "तिथे उड्डाणपूल आहे. चढ." चार शब्द. मी ते सोळा वेळा वाचलं असेल. तुझे मेहुणे म्हणाले, अजून एकदा वाचलंस तर पूल खचेल.

पत्ता वहिनींच्या अक्षरात आहे, मजकूर तुझ्या. म्हणजे पत्र दोघांनी वाचलं. म्हणजे त्यांनी तुला पेन हातात दिलं असणार. बरोबर?

आता माझी बातमी. मी पळायला लागले आहे. हसू नकोस. तुझा चढ काय असतो तो बघू तरी, एवढंच मनात होतं. पहिल्या दिवशी कॅनव्हासचे जुने बूट घालून, ओढणी कमरेला गुंडाळून आमच्या इमारतीला फेरी मारली. मोजली तर चारशे मीटर. दुसऱ्या फेरीत तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय झालं हो? कोणाला लागलं का?" मी थांबून त्यांना सांगितलं की काही झालेलं नाही, सहज पळतेय. त्यांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या फेरीला त्या पाण्याचा पेला घेऊन फाटकात उभ्या होत्या.

तुझे मेहुणे बाल्कनीत स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन बसतात. कुकरसाठी आणलेलं ते. पंधरा मिनिटं झाली की ते किंचाळतं आणि मी परत फिरते. सत्तेचाळीस वर्षं मी या शरीरात राहतेय, पण याला दोन फुप्फुसं आहेत आणि त्यातलं डावं जास्त कटकट करतं, हे आत्ता कळलं.

डॉक्टरबाईंनी मला दुकानात नेऊन बूट घ्यायला लावले. म्हणाल्या, ऑक्टोबरमध्ये आपल्याच शहरात एक छोटी हाफ मॅरेथॉन आहे, नाव घाला. मी घातलं. मग घरी येऊन बाथरूममध्ये बसून घाबरून घेतलं.

खूप प्रश्न आहेत. पळताना बघायचं कुठे? हातांचं काय करायचं? श्वास नाकाने की तोंडाने? तू पळताना मनात काय बोलतोस? की काहीच नाही? आणि पळायला लागलास कधी, कशामुळे?

एका कार्डात मावणार नाही. दोन घे.

तुझी
खिडकी


१९ ऑगस्ट

दादा,

तुझी आणखी तीन कार्डं आली. सगळी समोर मांडून ठेवली आहेत. "बघायचं वीस पावलं पुढे." "हात मोकळे. मुठी आवळू नको." "दोन्हींनी घे श्वास, भांडू नको त्याच्याशी." हे शेवटचं तर जवळजवळ गप्पा मारल्यासारखं झालं.

माझ्या लक्षात आलंय की पळण्याबद्दल विचारलं की उत्तर येतं. तुझ्याबद्दल विचारलं की ते तू ओलांडून जातोस. पळायला का लागलास, हे मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला उत्तर नाही. दुसऱ्यांदा तू मोज्यांबद्दल लिहिलंस. मोजे नायलॉनचे घे, हे मला पटलं, घेतले. पण लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, ज्याचा सगळा जन्म माणसांना पाय न हलवता वर नेण्यात गेला, तो अचानक पळत का सुटला? वहिनींनी डॉक्टरकडे नेलं म्हणून? साखर वाढली म्हणून? कोणाशी पैज लागली? मी रोज पळताना एक कारण तयार करते आणि घरी येईपर्यंत मोडून टाकते.

रविवारी नऊ किलोमीटर झाले. नदीकडच्या रस्त्याने जाते. सकाळी साडेपाचला दुकानांची मागची दारं उघडी असतात, तेव्हा दिसतं की पुढून एवढं चकचकीत केकचं दुकान मागून किती काळवंडलेलं आहे. रद्दीवाला काका वजनकाटा पुसत असतो. तो मला बघून दर वेळी किलोमीटर विचारतो आणि पुढच्या माणसाला ओरडून सांगतो, "बाई आज आठ!" आपल्यावर कोणाचं तरी लक्ष आहे म्हटल्यावर पाय उचलतात. तुझ्याकडे असं कोणी आहे का?

सातव्या किलोमीटरनंतर डोकं रिकामं होईल असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. माझं होत नाही. माझं भरतं. हॉस्पिटलचा तिसरा मजला, ती लांबलचक फरशी, औषधांच्या गाडीचं वाजणारं चाक. आईच्या त्या सोळा दिवसांबद्दल मी कोणाशी बोललेले नाही. तुझ्या मेहुण्यांशीही नाही.

एक दुरुस्ती करायची आहे. फोन लागत नव्हता असं मी म्हणाले, ते अगदी तंतोतंत नव्हतं. एकदा रिंग गेली होती. तू उचलला नाहीस, म्हणून मी पुन्हा केला नाही. एवढंच.

या पत्राला पळण्याचा प्रश्न जोडते, म्हणजे तुला उत्तर द्यायला सोपं जाईल. उतारावर गुडघे दुखतात, काय करू?

तुझी
खिडकी


१४ ऑक्टोबर

दादा,

"उतारावर ब्रेक लावू नको" हे कार्ड शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळालं. वेळेवर आलं.

दोन तास एकेचाळीस मिनिटं अठरा सेकंद. पूर्ण केली! डॉक्टरबाई म्हणाल्या, अभिनंदन, हा तुमचा वैयक्तिक विक्रम. मी म्हटलं, अहो, पहिलीच शर्यत आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर, पहिल्या वेळेला तो फुकट मिळतो, यापुढे कमवावा लागतो. पण माझ्या मनात त्याच क्षणी आलं की जानेवारीत तुझ्या शर्यतीत पळायचं आणि अडीच तासांच्या आत यायचं. अकरा मिनिटं कमी. डॉक्टरबाईंनी आकडेमोड करून सांगितलं, दर किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद. त्यांनी ते माझ्या मनगटावर पेनने लिहिलं. कामावर गेले तर ते पुसलं, पण मला पाठ झालंय.

आता खरं ते लिहिते. हे पत्र चार वेळा फाडलंय.

अठराव्या किलोमीटरला माझ्यातलं सगळं संपलं होतं. मी थांबायचं ठरवलं आणि घरच्यांना काय सांगायचं ते जुळवायला लागले. पोटरीत कळ आली, डॉक्टरबाईंनीच थांबवलं, असं. वाक्यं भराभर तयार होत होती, एकावर एक, अगदी गुळगुळीत. आणि एकदम मला तो सूर ओळखीचा वाटला. "फोन लागत नव्हता दादा, खूप प्रयत्न केला." तोच आवाज, तोच चढ-उतार. मी रस्त्यात मोठ्याने "गप" म्हणाले. शेजारून पळणारा माणूस दचकून बाजूला झाला. मग मी थांबले नाही.

फोन लागत नव्हता हे खोटं. एकदा रिंग गेली हेही खोटं. मी फोन लावलाच नाही. सोळा दिवसांत एकदाही नाही.

आईला छातीत पाणी झालं म्हणून नेलं, त्या पहिल्या दिवशीच तिने विचारलं, "दादाला कळवलंस?" मी म्हटलं, कळवते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कळवलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "निघाला का?" मी म्हटलं, निघाला. मग रोज तेच. कोणी दार लोटलं की तिची मान वळायची. सिस्टरबाई विचारायच्या, भाऊ पोचले का? मी म्हणायचे, गाडीला गर्दी आहे, रजा मिळत नाही, उद्या येतोय. तुझ्यासाठी मी किती प्रवास रचला, तुला कल्पना नाही.

का, ते सांगते. तुम्ही दोघं वहिनींच्या बदलीच्या गावी गेलात, त्यानंतरची दोन वर्षं आईचं सगळं मी केलं. औषधं, आंघोळ, नखं. आणि ती सगळा वेळ तुझ्याबद्दल बोलायची. समोर मी असायचे आणि गोष्टी तुझ्या. जाताना तू तिच्याशी भांडलास, ती तुला "आता मी गेले तरी येऊ नकोस" म्हणाली, आणि तू दार आपटून निघून गेलास, तरीही. मला वाटलं, हे थोडे दिवस तरी माझे असू देत. तू आलास की ती उठून बसेल, तुझा हात धरेल, आणि मी पुन्हा औषधाची बाटली घेऊन भिंतीशी उभी. डॉक्टर म्हणत होते सुधारतंय. मी मनात म्हणायचे, परवा करू फोन. परवा. सोळाव्या दिवशी सकाळी ती गेली. तुला शेजाऱ्यांनी कळवलं आणि तू पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. तू दारातूनच विचारलंस, "मला का नाही सांगितलं?" आणि मी ते वाक्य बोलले.

तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि निघून गेलास.

यात पळण्याचा प्रश्न एकही नाही. उत्तर देऊ नकोस वाटलं तर नको देऊस.

तुझी बहीण


९ डिसेंबर

दादा,

आठ आठवडे झाले. कार्ड नाही. पहिले चार आठवडे मी टपालपेटी दिवसातून दोनदा उघडत होते. शिंपीणबाई म्हणाल्या, तुम्हाला कोर्टाची नोटीस यायची आहे का?

तरी पळत होते. कारण काय ते विचारू नकोस, मलाच शोधायचंय. पाऊण तासात मी आता नदीचा पूल गाठून परत येते. चढावर पावलं छोटी करायची हे माझं मलाच सापडलं. तू सांगितलं असतंस तर दोन महिने वाचले असते.

काल वहिनींचं पत्र आलं. त्यांनी तुला न विचारता लिहिलंय, म्हणून तुला सांगून टाकते. आता या घरातून त्या घरात लपूनछपून काही जाऊ नये असं वाटतं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवते.

"फोन आला नव्हता हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांचा फोन कामाचा, कधी बंद नसतो, आलेला प्रत्येक फोन ते वहीत लिहितात. सहा वर्षं ते धरून चालले होते की आईंनीच तुम्हाला सांगितलं, त्याला बोलावू नका. म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. परत आल्यावर त्यांना घरात बसवेना. चालायला जायचे, मग पळायला लागले. तुमचं ऑक्टोबरचं पत्र वाचलं आणि दोन दिवस बूट घातले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले ते साडेअकराला आले. मी कामावर, वेधशाळेत, उशीर होईल असं कळवून दारात उभी होते. आल्यावर म्हणाले, आई माझ्याबद्दल विचारत होती. एवढंच बोलले, आणि दिवाणावर पडले."

दादा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी सहा वर्षं समजत होते की तू माझ्यावर चिडलास. मी खोटं बोलले हे तुला कळलं नसेल अशी आशा होती, आणि कळलं असेल अशी भीती. पण तू ते खोटं ओळखलंस आणि त्याच्या मागे आईला उभं केलंस, तिने तुला नाकारलं असं मानलंस, याचा विचार मी एकदाही केला नाही. एवढ्या चौकशा करणारी मी. जी चौकशी करायला हवी होती ती केली नाही.

ती रोज विचारत होती. मागे लिहिलंय, पुन्हा लिहिते. रोज. सकाळी आणि संध्याकाळी.

जानेवारीत मी येतेय. तुझे मेहुणे बॅग सांभाळायला येणार आहेत, टायमरसकट. माझा छातीवरचा नंबर दोन हजार एकशे सहा. तू भेटलं पाहिजेस असं नाही. तुझी वेळ तू बघ, दोन दहाच्या आत यायचं तुझ्या मनात असणार हे मला मागच्या चार वर्षांवरून कळतं. माझं लक्ष्य दोन तीस.

तुझी
बहीण


२१ जानेवारी

वहिनी,

हे पत्र तुम्हाला, कारण दादा घरी येऊन "बरं झालं सगळं" एवढंच म्हणाला असेल, आणि तुम्ही ड्युटीमुळे आला नव्हतात. तुमचा हक्क आहे त्याच्यावर. खरं तर तुमचे माझ्यावर आधीचेही बरेच हक्क साचले आहेत. आईने भांडणात तुम्हाला जे बोलून घेतलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले नाही. त्याबद्दल वेगळं लिहीन.

सकाळी सहाला सुरुवात झाली. तीन हजार माणसं. मी उंच टाचा करून त्याला शोधत होते, पण सगळ्यांनी तसलेच टीशर्ट घातलेले. मग बंदुकीचा आवाज झाला आणि शोधणं संपलं.

पहिले दहा किलोमीटर माझे ठरल्याप्रमाणे गेले. त्याच्या पुलावर, वहिनी, मला कळलं की चढ चांगलाच आहे, पण सहा मिनिटं खाण्याएवढा नाही. लोक धापा टाकत होते, मी छोटी पावलं टाकत वर गेले. वरून सगळं शहर दिसतं. तो थांबत असेल तिथे. एरवी मीही थांबले असते. मी थांबले नाही कारण मनगटावर पुन्हा सात मिनिटं सहा सेकंद लिहिलं होतं.

वीस किलोमीटरला रस्त्यावर चटई असते, तिच्यावरून गेलं की वेळ नोंदली जाते. घड्याळात दोन तास एकवीस मिनिटं पन्नास सेकंद होते. पाय लाकडाचे झाले होते, पण हिशोब बरोबर होता. एक किलोमीटर आणि शंभर मीटर राहिले होते. आणि समोरून, फुटपाथवरून, उलट्या दिशेने तो लंगडत येत होता. गळ्यात पदक. म्हणजे त्याची शर्यत पूर्ण झाली होती आणि तो मागे चालत आला होता. केस पांढरे झालेत हो त्याचे. निकालाच्या यादीत ते दिसत नाही.

तो वळला आणि दोरीच्या पलीकडून माझ्या बरोबर पळायला लागला. म्हणाला, "खांदे खाली सोड."

मी म्हटलं, "दादा."

"बोलू नकोस, दम जाईल. समोर बघ."

मी समोर बघितलं आणि बोलायला लागले. नववा दिवस सांगितला. त्या दिवशी आईला बरं वाटत होतं आणि तिने सिस्टरबाईंना तुझी, म्हणजे दादाची, लिफ्टमध्ये अडकलेल्या बँडवाल्यांची गोष्ट सांगितली होती. कसा तो वर शाफ्टमध्ये बसून दोर ओढत होता आणि खालून ते ढोल वाजवत होते. अख्खा वॉर्ड हसला होता. एवढं सांगायला मला किती श्वास लागला, काय सांगू. दादा दोरीपलीकडून ओरडत होता, "अगं नंतर सांग! वेळ बघ! वेळ!" आणि मग तोच हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तो मागे राहिला. मी त्याच्यासाठी थांबले. थांबले म्हणजे उभीच राहिले. तो हातवारे करत होता, जा जा. मग गेले.

दोन तास तीस मिनिटं एकेचाळीस सेकंद. माझा विक्रम आहे तो, साडेदहा मिनिटांनी सुधारला, पण अडीच तासांच्या आत यायचं राहिलं. डॉक्टरबाई हळहळल्या, एकेचाळीस सेकंद कुठे गेले हो? मी म्हटलं, बघते.

त्याने तुम्हाला त्याची वेळ सांगितली का? नसणार. मी यादीत पाहिली. दोन तास नऊ मिनिटं बारा सेकंद. पंधरा ते वीस या टप्प्याला बत्तीस.

नंतर आम्ही एका बंद बँकेच्या पायरीखाली फुटपाथवर बसलो. तुमचे नणदोई लांब जाऊन उभे राहिले, त्यांना कळतं. मला वाटलं होतं की आता तो मला बोलेल. जे काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकून घेईन, तयारी करून आले होते. पण त्याने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला होती?"

मी म्हटलं, "डाव्या."

"ऊन यायचं?"

"सकाळी. पायांवर."

"केस कोण विंचरायचं?"

"मीच."

असं सुरू झालं. मी जन्मभर त्याला प्रश्न विचारले, तो मला चौकशी खिडकी म्हणून चिडवायचा, आणि आता तो विचारत होता आणि मी उत्तरं देत होते. खोलीत घड्याळ होतं का. शेजारच्या खाटेवर कोण होतं. ती काय खायची. तिला शेवटी ऐकू येत होतं का. माझ्या लक्षात आलं की तो तिथे नव्हता, म्हणून आता एकेक वस्तू उचलून ती खोली भरतोय. त्याने विचारलं, कवळी काढून ठेवली होती का? मी सांगितलं, तिने काढू दिली नाही. माझ्याच हातची कवळी होती ती, रात्री काढायची असते असं मीच बजावायचे. पण ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. म्हणायची, तो आला आणि मी अशी बोळकी दिसले तर?

त्याने गळ्यातलं पदक काढून खिशात ठेवलं. मग विचारलं, "तिला कळलं होतं का? तू कळवलं नाहीस ते?"

वहिनी, हे मी ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पंधराव्या दिवशी कळलं. दुपारी. माझ्याकडे बघून म्हणाली, तू कळवलंच नाहीस ना. मी मान हलवली. ती रागावली नाही. म्हणाली, मग आता कर."

"मग?"

"मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. नंबर काढला. आणि तुला काय सांगायचं ते मला सुचेना. पंधरा दिवस काय करत होतीस असं तू विचारशील. तासभर उभी होते. मग आत येऊन तिला म्हटलं, उद्या सकाळी करते, आता तो कामात असेल. ती बरं म्हणाली."

"आणि सकाळी?"

"साडेनऊला गेली. मी तोवर केला नव्हता."

त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मला वाटलं आता उठून जाईल. सहा वर्षांपूर्वीसारखा. मी त्याला अडवणार नव्हते. तो म्हणाला, "त्या दिवशी साडेनऊला मी कुठे होतो ते आठवतोय." आणि थोड्या वेळाने, "नाही आठवत." मग म्हणाला, "हे लवकर सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, हो. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही.

रस्ता मोकळा होत आला होता. माणसं दोऱ्या गुंडाळत होती, एक बाई रिकामे पेले गोळा करत होती. तिने आम्हाला विचारलं, तुमचं बरं आहे ना? तेव्हा कळलं की आम्ही दोघंही रडत होतो.

तो म्हणाला, "ऊठ आता. अंग आखडेल."

मी म्हटलं, "तू ऊठ आधी."

त्याने जोर लावला, उठता येईना. मी प्रयत्न केला, माझे गुडघे वळेनात. एकवीस किलोमीटर पळून फुटपाथवर दोन तास बसू नये, हे त्याने एकाही कार्डात लिहिलं नव्हतं. नणदोई तुमचे पुढे यायला लागले तर दादाने त्यांना हातानेच थांबवलं. मग त्याने दोन्ही हात माझ्याकडे केले. मी धरले. त्याने ओढलं, मी ओढलं, अर्धे वर झालो आणि दोघंही परत धप्पकन खाली. तो म्हणाला, "श्वास घे. तीन म्हटल्यावर."

तिसऱ्या खेपेला उठलो.

तुमची
नणंद